अलमट्टीकडे दाखवलेलं बोट

जुलै उजाडला की कोल्हापुरात एक प्रश्न सगळे एकमेकांना विचारतात: "राजारामवर किती?" उत्तर फुटात आणि इंचात येतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ वर गेलं की धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. कोल्हापूर पद्धतीचे किती बंधारे पाण्याखाली गेले, तो आकडा रोज वर्तमानपत्रात छापून येतो आणि माणसं तो सोन्याच्या भावासारखा वाचतात. हे फूट-इंच घरोघर पोचायच्या आधीची मोजणी शिवाजी पुलावर व्हायची. पुलाच्या दगडी बांधकामातल्या माशासारख्या आकाराला पाणी टेकलं की गावभर बातमी फिरे, "मच्छिंद्री झाली!" मग सुतारवाड्यातली माणसं अंथरुणं-पांघरुणं बांधायला घेत आणि बाकीचं शहर पूर बघायला नदीकडे निघे.

खाली नृसिंहवाडीत तर पुराचा सोहळाच होतो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या दत्तमंदिरात पाणी शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं. त्या दाराशी स्नान करायला भाविक पाण्यात उभे राहतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी चढलं की देवाची उत्सवमूर्ती वर हलवायची, ओसरलं की परत आणायची. कुठल्या पायरीला पाणी आलं की काय करायचं, हे पुजाऱ्यांच्या पिढ्यांना ठाऊक आहे. दरवर्षी आपल्या घरात येणाऱ्या नदीबद्दल इथं तक्रार नव्हती. दोष द्यावा असं कुणी नव्हतंच.

दोष देण्याची गोष्ट सुरू झाली २००५ मध्ये.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीस सह्याद्रीवर पाऊस कोसळला. २६ जुलैच्या जलप्रलयामुळे सगळ्यांचं लक्ष मुंबईकडे होतं. इकडे कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून पसरत होत्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. १९२९ साली उघडलेल्या या पुलाजवळची धोक्याची पातळी आहे ४५ फूट. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नेहमीची वस्ती बुडाली. त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते बाजारपेठा बुडाल्याचं, आणि त्याहून जास्त, पाणी उतरेना याचं.

हरिपूरची गोष्ट सांगितल्याशिवाय त्या पुराचा अर्थ कळत नाही. सांगलीला लागून, कृष्णा-वारणा संगमावर हे गाव. इथल्या जमिनीत खोल पेवं खणलेली होती आणि त्यात हळद साठवायची. या मातीचा गुण असा की पेवातली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. सांगलीच्या हळदपेठेचा जो दबदबा देशभर होता, त्याच्या मुळाशी ही जमिनीखालची कोठारं होती. २००५ मध्ये पाणी पेवांत उतरलं. हळद कुजली, पेवं ढासळली, आणि तो व्यवहार पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. हळद शीतगृहात गेली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली साठवण एका पुराने संपवली. याचा अर्थ असा की ज्यांनी नदीकाठी पेवं खणली, त्यांच्या अनुभवात एवढं पाणी, एवढे दिवस, बसत नव्हतं.

मग नेहमीच्या पुरापेक्षा वेगळं काय घडलं होतं? उत्तर शोधायला माणसांनी नदीच्या खालच्या अंगाला पाहिलं. तिथं कर्नाटकात अलमट्टीचं धरण नुकतंच पूर्ण झालं होतं.

अलमट्टीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६४ मध्ये झाली. पुढची चाळीस वर्षं ते रेंगाळलं. मधल्या काळात बच्छावत लवादाने १९७३ मध्ये कृष्णेच्या पाण्याचं वाटप केलं: महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकला ७००, आंध्रला ८००. या निवाड्यात हिशोब आहे तो मुख्यतः कुणाला किती पाणी मिळणार याचा. जास्तीच्या पाण्यात बुडायचं कुणी, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता. धरणाच्या उंचीवरून सर्वोच्च न्यायालयात जे भांडण गेलं तेही मुख्यतः कर्नाटक आणि आंध्रचं, पाण्याच्या वाटणीचं. एप्रिल २००० मध्ये न्यायालयाने ५१९.६ मीटरपर्यंत पाणी साठवायला परवानगी दिली. त्या पातळीला अलमट्टीत सुमारे १२३ टीएमसी पाणी मावतं. आपलं कोयना १०५ टीएमसीचं. म्हणजे कोयनेहून मोठा जलाशय सांगलीच्या खालच्या अंगाला भरू लागला आणि लगोलग हा पूर आला. दोन्हींचा संबंध जोडायला कुणाला शिकवावं लागलं नाही.

'फुगवटा' हा शब्द तेव्हापासून सांगली-कोल्हापुरात चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. खाली मोरी तुंबली की वर न्हाणीत पाणी साचतं, एवढं साधं ते गणित वाटत होतं.

नदी मात्र न्हाणीपेक्षा लांब असते. नदीच्या वाटेने मोजलं तर सांगली ते अलमट्टी हे अंतर दोनशे किलोमीटरांच्या पलीकडचं आहे. मध्ये राजापूरचा बंधारा आहे, सरहद्द आहे, दूधगंगेचा संगम आहे, हिप्परगीचा बराज आहे. सांगलीच्या धोक्याच्या पातळीची उंची समुद्रसपाटीपासून मोजली, तर ती अलमट्टीच्या ५१९.६ मीटरपेक्षा वीसेक मीटरने वर येते. जलाशयाचं स्थिर पाणी काही तिथवर चढत नाही. 'अलमट्टीने सांगली बुडवली' हे वाक्य इथं अडखळतं.

पण अडखळतं म्हणून ते साफ खोटं ठरत नाही, आणि हा वाद वीस वर्षं का मिटला नाही याचं कारण इथंच आहे. पूर वाहताना पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो, उताराचा असतो. खालची पातळी चढी असेल तर वरचा उतार कमी होतो आणि निचरा मंदावतो. सांगलीच्या पुढे कृष्णा आधीच सपाट, वळणावळणाने, आळसावल्यासारखी वाहते. तिथं थोडा अडथळाही महागात पडू शकतो. त्यात जलाशयाच्या तोंडाशी आणि हिप्परगीच्या मागे साचणारा गाळ. निवृत्त अभियंत्यांपैकी जे अलमट्टीवर बोट ठेवतात, त्यांचा युक्तिवाद हा आहे. चौकातल्या आरोपापेक्षा तो बराच संयमी आहे.

माझ्या मते इथं दोन प्रश्नांची सरमिसळ झाली. पाणी का चढलं, हा एक. पाणी का हटलं नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर नदीच्या वरच्या अंगाला शोधायचं असतं, दुसऱ्याचं बऱ्याचदा खालच्या. सरकारी कागदांत मोजमाप फुटांचं, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं. लोकांच्या आठवणीत मोजमाप दिवसांचं, म्हणजे दुसऱ्याचं. समित्या एका प्रश्नाचं उत्तर देत राहिल्या आणि लोक दुसरा विचारत राहिले.

शिरोळ तालुक्यातला शेतकरी हा फरक उसावरून सांगतो. ऊस बुडाला म्हणून मरत नाही. शेंडा वर राहिला तर तो आठवडाभर पाण्यात उभा राहतो. पण पाणी शेंड्यावरून गेलं, पोग्यात गाळ बसला आणि दिवस मोडले की आतून कुजतो. त्याला पुराची उंची आणि पुराचा मुक्काम या दोन वेगळ्या आपत्ती आहेत. आणखी एक गोष्ट शिरोळकराला माहीत असते, जी राजकीय भाषणांत येत नाही: फुगवटा ही काही कर्नाटकची निर्मिती नाही. कृष्णा भरून आली की नृसिंहवाडीला पंचगंगेची वाट अडते आणि ती मागे तुंबते. हरिपूरला वारणेचं तेच होतं. कोयनेचे दरवाजे उचलले की दीड-दोन दिवसांनी त्याचा ताण पंचगंगेच्या काठाला जाणवतो. महाराष्ट्राच्या हद्दीत, महाराष्ट्राच्याच पाण्याने.

२०१९ चा महापूर या सगळ्या वादाची मोठी परीक्षा होता. त्या वर्षी जूनमध्ये पावसाने ओढ दिली होती. धरणं तळाला होती आणि पाटबंधारे खात्याला चिंता होती ती भरण्याची. मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला तो थांबेना. महाबळेश्वर, कोयना, गगनबावडा, राधानगरी, सगळीकडे एकदम. ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत धरणं भरत आली, तरी आभाळ रिकामं होत नव्हतं. दरवाजे उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. तिथं निर्णयच नाही, त्यामुळे जबाबदारही कुणी नाही. बाकी धरणांवर मात्र 'आधी का नाही सोडलं?' हा प्रश्न आला आणि तो रास्त होता.

रास्त असला तरी त्याचं उत्तर अभियंत्याला अवघड जातं. आपली ही धरणं सिंचनासाठी आणि विजेसाठी बांधलेली आहेत. पूर अडवण्यासाठी ठरवून रिकामी जागा ठेवावी, असा त्यांचा मूळ हेतू नाही. जुलैमध्ये धरण अर्धं रिकामं ठेवलं आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर डिसेंबरात कालव्याला पाणी नाही म्हणून मोर्चा निघतो. हा मोर्चा त्या अधिकाऱ्याने पाहिलेला असतो. महापूर त्याने कदाचित एकदाच पाहिलेला असतो.

पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली. आयर्विनजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर. कोल्हापुरात दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी पाण्यात. शहराला पाणी उपसून देणारे पंप पाण्याखाली गेल्याने महापुरात पिण्याच्या पाण्याचे टँकर. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद, ट्रकच्या रांगा मैलोन्‌मैल. सांगलीत मारुती चौकात बोटी. पश्चिम महाराष्ट्रात चार लाखांहून अधिक माणसं घराबाहेर काढावी लागली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ इथं सुटकेसाठी निघालेली, क्षमतेपेक्षा जास्त भरलेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, बुडाली. गावाने नौका मागितली होती, ती वेळेत आली नाही, अशी तक्रार ब्रह्मनाळकरांनी तेव्हाच केली. तिथं अलमट्टीचा काही संबंध नव्हता.

त्याच दिवसांत सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत आणि आटपाडीत, टँकर चालू होते आणि जनावरं छावण्यांत होती. एका जिल्ह्याच्या एका टोकाला बोटी आणि दुसऱ्या टोकाला चारा छावणी. पुराचं पाणी म्हैसाळ उपसा योजनेच्या पंपांनी उचलून दुष्काळी तालुक्यांकडे द्या, ही मागणी झाली आणि पुढे पुराचं पाणी बोगद्यांनी दुष्काळी भागात वळवण्याच्या मोठमोठ्या योजनांची घोषणा झाली. जागतिक बँकेचं कर्जही त्यात आलं. कागदावर त्या योजना देखण्या दिसतात. पण महापुरात नदी एका दिवसात जेवढं पाणी घेऊन जाते, त्यापुढे पंप आणि बोगदे किती उचलणार, याचा हिशोब घोषणेत कधी नसतो.

आरोपांचं तर पीकच आलं. घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असेल तर मोफत धान्य, असा शासन निर्णय निघाला. पाणी नेमकं किती तास घरात होतं ते मोजायचं कुणी, असं लोक विचारू लागले. मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेले दिसले. होडीत बसून हसत हात हलवणाऱ्या एका मंत्र्यांचा व्हिडिओ राज्यभर फिरला. दोन महिन्यांवर विधानसभेची निवडणूक होती. अशा वेळी दोन्ही बाजूंना सोयीचा एकच आरोपी असतो: जो आपल्या मतदारसंघात मतदान करत नाही. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांशी, येडियुरप्पांशी, बोलले. अलमट्टीतला विसर्ग पाच लाख क्युसेकच्या वर नेला गेला. हा विसर्ग आधी वाढवला असता तर, हा 'जर-तर' आजही सांगलीत भांडण लावू शकतो.

सरहद्दीपलीकडे तेव्हा काय चाललं होतं, हे आपल्याकडच्या चर्चेत क्वचित येतं. चिक्कोडी, रायबाग, अथणीतली कृष्णाकाठची गावं बुडत होती. कल्लोळ-यडूरचा पूल पाण्याखाली होता. त्यातली बरीच गावं मराठी बोलणारी. त्यांचा दोषारोप कुणावर? कोयनेवर! महाराष्ट्राने न सांगता पाणी सोडलं म्हणून आम्ही बुडालो, असं ते म्हणत होते. सांगलीकर खालच्याकडे बोट दाखवतो, चिक्कोडीकर वरच्याकडे. आणि उन्हाळ्यात हेच कर्नाटक कोयनेतून पिण्यासाठी पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राला पत्र लिहितं. एकाच नदीवर ही तक्रार आणि ती विनंती आठ महिन्यांच्या अंतराने होतात.

पाणी ओसरल्यावर सरकारने निवृत्त जलसंपदा सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. २०२० मध्ये अहवाल आला. अलमट्टी आणि हिप्परगी यांचा या पुराशी थेट संबंध नाही, असा निष्कर्ष त्यात होता. कारणं घरातली निघाली: थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस, नदीपात्रातली आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं, बुजवलेले नाले, पाणी अडवणारे भराव आणि पूल. सांगलीत नैसर्गिक नाल्याला 'ओत' म्हणतात. पुराचं पाणी शहराबाहेर पसरवणारे आणि उतरताना परत नदीला आणणारे हे ओत शामरावनगरसारख्या भागांत प्लॉट पाडताना कधीच मुजले होते. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या काठाने काय काय उभं राहिलं, ते सगळ्यांनाच दिसतं.

अहवालाचं स्वागत झालं नाही. कृष्णाकाठच्या कार्यकर्त्यांनी त्यातल्या गृहीतकांवर आक्षेप घेतले. पुराचा मुक्काम का लांबला, याचं समाधानकारक उत्तर त्यात नाही, ही त्यांची तक्रार मला पटते. पण अहवाल न आवडण्याचं दुसरंही कारण होतं आणि ते कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. अलमट्टीविरुद्ध मोर्चा काढता येतो. ओतावरचं अपार्टमेंट पाडायचं तर ते शेजाऱ्याचं निघतं, कधी नगरसेवकाचं, आणि कधी आपलंच.

याचा कायदा नव्हता असंही नाही. नदीकाठी निळी आणि लाल रेषा आखायची पद्धत पाटबंधारे खात्याने १९८९ मध्येच घालून दिली होती. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. निळीच्या आत बांधकाम नाही, दोहोंच्या मध्ये अटींवर. २०१९ नंतर रेषा नव्याने आखायची वेळ आली तेव्हा बांधकाम व्यावसायिकांचे आणि प्लॉटधारकांचेही आक्षेप आले. आयुष्याची पुंजी घालून घेतलेला प्लॉट एका रेषेने मातीमोल होणार म्हटल्यावर माणूस भांडणारच. त्याला परवानगी देणाऱ्या महापालिकेचा शिक्का त्याच्याकडे असतो. शिक्का मारणाऱ्यावर कारवाई झाल्याचं ऐकिवात नाही.

मग २०२१ आलं आणि दोन्ही बाजूंना पुरावा देऊन गेलं. दोन्ही राज्यांत या वेळी आधी बोलणं झालं होतं. जलसंपदामंत्री जयंत पाटील जूनमध्येच बंगळूरला जाऊन येडियुरप्पांना भेटले होते. अलमट्टीत जागा ठेवली होती, विसर्ग वेळेत वाढवला. तरीही २२ जुलैपासून दोन-तीन दिवस घाटमाथ्यावर जो पाऊस झाला, ज्याने चिपळूण आणि महाडची दैना केली, त्याने पंचगंगा ५६ फूट ३ इंचांवर नेली. २०१९ पेक्षाही वर! अलमट्टी निर्दोष ठरवणाऱ्यांना आणखी काय हवं? पण दुसरी बाजूही लगेच म्हणाली, पाणी उतरलं किती लवकर ते बघा. २०१९ मध्ये आठवडाभर बंद राहिलेला महामार्ग या वेळी तीन-चार दिवसांत सुरू झाला. अलमट्टी खाली ठेवल्याचाच हा गुण. अर्थात पाऊसही या वेळी कमी दिवस होता, पण ते सांगण्यात कुणाला रस नव्हता. उंचीचा प्रश्न आणि मुक्कामाचा प्रश्न वेगळे आहेत हे इतकं स्पष्ट यापूर्वी कधी दिसलं नव्हतं. दोघांनीही आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलला.

कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावं या वादात पडत नाहीत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन जिथं पंचगंगा होते, तिथं चिखली आहे. १९८९ च्या पुरानंतर सोनतळीच्या माळावर त्यांना जागा दिली गेली. अनेकांनी तिथं घरंही बांधली. पण शेती खाली, गोठा खाली, दूध घालायची डेअरी खाली. म्हणून उन्हाळा-हिवाळा जुन्या गावात आणि पुरात सोनतळीला. पातळी वाढली की आधी म्हशी वर जातात, मग माणसं. पूर कुणामुळे आला याची चर्चा चिखलीतही होते, पण म्हशी हलवून झाल्यावर.

अलमट्टीचं पुढचं प्रकरण आता सुरू झालं आहे. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्येच उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मान्यता दिली होती. तो निवाडा राजपत्रात यायचा होता, तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अडकला. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने बुडणाऱ्या जमिनींच्या भरपाईचे दर ठरवून टाकले. महाराष्ट्राने विरोध नोंदवला आहे, केंद्राला पत्रं गेली आहेत, फुगवट्याचा अभ्यास रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे दिला आहे. या अभ्यासाला जो प्रश्न विचारला जाईल त्यावर उत्तर अवलंबून आहे. 'उंची वाढल्याने सांगलीची पातळी किती फुटांनी चढेल?' एवढंच विचारलं तर उत्तर पुन्हा 'फारशी नाही' असं येऊ शकतं. 'पाणी उतरायला किती दिवस जास्त लागतील?' असंही विचारायला हवं, आणि त्याच पत्रात तिसरा प्रश्न घालायला हवा, की सांगली आणि कोल्हापूर महापालिकांनी निळ्या रेषेच्या आत २००५ नंतर किती परवानग्या दिल्या. हा तिसरा आकडा रुरकीला सापडणार नाही. तो आपल्याच नगररचना विभागांच्या कपाटात आहे.